देवाला दिलेली अडीचाची नोट

आमच्या घरात एक नोट होती आणि तिच्यावर पावशेर मीठसुद्धा मिळत नसे. अडीच रुपयांची नोट. आज कुणाला हे सांगितलं तर म्हातारी बरळते म्हणतात. अडीचाची कुठं नोट असते का, असं माझा नातूच मला विचारायचा. असते. पहिल्या जागतिक लढाईत चांदी कमी पडली म्हणून सरकारनं ती काढली होती आणि काही वर्षांनी गुपचूप परतही घेतली. आईचे वडील, आमचे तात्या, त्या लढाईत बसऱ्याला खेचरांच्या पलटणीत होते. येताना त्यांनी पगारातल्या दोन अडीचाच्या नोटा राखून आणल्या, एक लेकीला, एक लेकाला. लेकानं, म्हणजे शमुवेल मामानं, आपल्या नोटेचं करडू घेतलं आणि ते आठ दिवसांत लांडग्यानं नेलं. आईला तिची नोट लग्नात मिळाली. तात्यांनी ती मधोमध एकदा दुमडून तिच्या मुठीत कोंबली होती. त्याच पावसाळ्यात तात्या गेले, आणि आईनं ती नोट मोडली नाही. पुढं सरकारनं ती बंद केली, तेव्हा बाबांनी सांगून पाहिलं की पारनेरच्या खजिन्यात जाऊन बदलून घे. आई म्हणाली, "बापाच्या हाताची ऊब कुटं बदलून मिळती?" बाबा गप्प बसले. बाबा बहुतेक गप्पच बसायचे, आणि दुसरी लढाई सुरू झाल्यावर तर ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेले. मग महिन्यातून एकदा घरी येऊन गप्प बसायचे.

आमचं गाव पारनेरपासून दोन कोसांवर. गावाबाहेर मिशनची शाळा, तिला लागून चर्च, त्याला आम्ही मंदिरच म्हणायचो, आणि त्यापलीकडं आमची दहाबारा ख्रिस्ती घरं. घंटा नव्हती. चिंचेला रुळाचा तुकडा टांगला होता, त्यावर मामा लोखंडी पहार हाणायचा, की शाळा भरली किंवा उपासना सुरू झाली असं समजायचं. मामा त्या शाळेचा मास्तर. लग्न ठरत होतं आणि मोडत होतं, त्यामुळं राहायला शाळेच्या खोलीत आणि जेवायला आमच्या घरी. तव्यावरची पहिली भाकरी त्याची, शेंगोळ्यांतली जाड शेंगोळी त्याची, खरवड काढली तर ती मात्र माझी. मला त्याचा हेवा वाटायचा नाही, कारण मीही आईइतकीच त्याच्यावर खूश होते. मामाला सगळं यायचं. पेटी वाजवायची, गांधीलमाशी चावली तर काय लावायचं, चंद्राला खळं पडलं तर पाऊस किती लांब. इंग्रजी आकडे मला त्यानं त्याच नोटेवरून शिकवले. रविवारी दुपारी आई पवित्र शास्त्र उघडायची, स्तोत्रांच्या पानांतून नोट काढून माझ्या तळव्यावर ठेवायची आणि म्हणायची, "तोंडाची वाफ लागू दिऊ नगं." मग मामा वेताच्या काडीनं एकेक आकडा दाखवायचा. सात, शून्य, चार, चार, नऊ. वर मुकुट घातलेला दाढीवाला राजा, खाली साहेबाची सही, मागं निरनिराळ्या लिप्यांत एकच किंमत लिहिलेली. तो आकडा मला अजून पाठ आहे. स्वतःच्या पेन्शनचा नंबर विचाराल तर कागद बघावा लागेल.

थंडीत नगरहून मडम दौऱ्यावर यायच्या. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगच्या त्या मुख्य. उंच, हाडकुळ्या, तपकिरी मोजे घालणाऱ्या, आणि मराठी अशी बोलायच्या की शास्त्र वाचून दाखवतात असं वाटायचं. शाळेच्या ओट्यावर टेबल टाकून त्या मुलांचे पाढे ऐकत, डोळ्यांत औषध घालत, आणि शेवटी सगळ्यांना विचारत, कोणाकडे जुनी तिकिटे आहेत काय, जुने कागदी चलन आहे काय. त्यांना तो नाद होता. त्या हिवाळ्यात त्या मामाला म्हणाल्या, "मास्तर, मला अडीच रुपयांची नोट पाहिजे. मी पुष्कळ शोध केला. ती फार दुर्मिळ झाली आहे." मी टेबलाशेजारीच पाटी धरून उभी होते. मी तोंड उघडलं मात्र, मामानं माझा हात टेबलाखालून असा दाबला की बोटं कळवळली. मडमांना तो म्हणाला, "चौकशी करतो." मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मामा आईची नोट राखतोय. मडमेच्या तावडीत ती सापडू नये म्हणून त्यानं मला गप्प केलं. माझा ऊर भरून आला. घरी येऊन मी आईलासुद्धा काही सांगितलं नाही, कारण मामाचं आणि माझं ते गुपित होतं. बारा वर्षांच्या पोरीला गुपित मिळालं की ती त्यावर महिनाभर जगते.

मग सरकारनं नोटा बंद केल्याची बातमी आली. पाचशेच्या, हजाराच्या आणि दहा हजाराच्या. आमच्या आळीत शंभराची नोट पाहिलेलं माणूस नव्हतं, पण घबराट अशी पसरली की विचारू नका. कुणी म्हणे कागदाच्या सगळ्याच नोटा जाणार, कुणी म्हणे घराघरांत झडती होणार. मामा शाळेच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा आणि भोवती बायाबापड्या डोक्यावरचा पदर सावरत ऐकायच्या. आईनं ओट्याच्या कडेला उभं राहून हळूच विचारलं, "शामू, माझी ती... ती तर आधीच बंद हाय. तिचं काय रं?"

मामानं पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "आक्का, सरकारचं काय सांगावं? बंद नोट घरात सापडली तर दाजींच्या नोकरीवर यील. कारखाना सरकारी हाय त्यांचा."

"मग जाळू का काय?"

"जाळतीस कशाला? हंगामाच्या सनाला देवाला दिऊन टाक. देवाला दिलेलं सरकार विचारीत न्हाई."

आई दोन दिवस जेवली नाही नीट. बाबांच्या नोकरीवर आमची चूल होती, आणि मामा शिकलेला. शिकलेल्या भावानं सांगितलं, मग शंका कुणी घ्यायची?

हंगामाचा सण आमच्याकडं ज्वारी काढून झाली की यायचा. त्या दिवशी मंदिरात पाय ठेवायला जागा नसे. वेदीपुढं कणसांच्या पेंढ्या, भोपळे, गुळाच्या ढेपी, हरभऱ्याचे डहाळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, अंडी, कुणाची शिवलेली गोधडी. उपासना चालू असताना एखादी कोंबडी मध्येच ओरडे आणि पाळकही हसत. उपासना झाली की सगळं अंगणात काढून त्याचा लिलाव व्हायचा. तो लिलाव म्हणजे निम्मा सण. एका अंड्याला रुपया पडायचा, घेणारा ते परत देवाला द्यायचा, आणि तेच अंडं पुन्हा लिलावात यायचं, उकडल्यासारखं गरम होईपर्यंत हातोहात फिरायचं. कुणाच्या घरची वस्तू दुसऱ्यानं जास्त बोली लावून घ्यायची आणि हसत त्याचीच त्याला परत द्यायची, हाही मान असायचा. आई पांढरं लुगडं नेसून गेली होती. अर्पणाच्या ताटात नोट ठेवताना तिनं ती उलटी ठेवली, राजाचं तोंड खाली. मी विचारलं का, तर म्हणाली, "आसूं दे."

लिलाव पुकारणारे म्हातारे दानिएलबाबा होते. त्यांनी नोट वर धरली आणि लोक हसायला लागले. "अडीच आणे!" कुणी तरी ओरडलं. "तीन आणे, चिलीम पेटवाया कामी यील!" आईच्या कानशिलावर शीर उठली होती. तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला. "अडीच रुपये!" सगळे वळले. बंद पडलेल्या नोटेला पुरी किंमत! दानिएलबाबांनी दोनदा विचारून खात्री केली. मामानं खिशातून सुटे काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि नोट घेऊन आईसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "आक्का, बापाची नोट भाईर जात न्हाई. तुझ्या घरात भ्या हाय, तर माझ्या कपड्याच्या पेटीत ऱ्हाईल. मास्तरची पेटी कोन तपासतंय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई तिथंच पदर तोंडाला लावून रडली. बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मी तर हवेत होते. मला टेबलाखालचा तो दाबलेला हात आठवत होता आणि वाटत होतं, बघा, हे सगळं मला एकटीलाच आधीपासून माहीत होतं. पुढं कितीतरी वर्षांनी मामा गेला, तेव्हा अंत्यविधीच्या उपदेशात नव्या पाळकांनी हीच गोष्ट दातृत्वाचं उदाहरण म्हणून सांगितली. कोणीतरी त्यांना ती पुरवली असणार. मी पहिल्या बाकावर बसून ऐकली आणि आमेन म्हटलं नाही.

उन्हाळ्यात मामानं सायकल घेतली. जुनी, पण हिरवा नवा रंग दिलेली, पुढं घंटी, मागं कॅरिअर. आळीतली पहिली सायकल. म्हणाला, पगारातून चार पैसे साठवले होते. कॅरिअरवर बसून मी पारनेरच्या बाजाराला गेले तेव्हा घंटी वाजवायची मक्तेदारी माझ्याकडं होती. वाटेतल्या शेळ्या, माणसं, दगड, सगळ्यांना मी घंटी वाजवली. त्याच जूनमध्ये मडमांच्या बोर्डिंगात माझं नाव घातलं. फी माफ झाली, कपडे मिशननं दिले, आणि बाबांनी पत्र्याची ट्रंक आणून दिली.

बोर्डिंगात शनिवारी मोठ्या मुलींना मडमांच्या बंगल्यावर पुस्तकं पुसायला पाठवत. श्रावणात माझी पाळी आली. पुस्तकांच्या कपाटात खालच्या खणात जाड काळ्या पानांच्या वह्या होत्या. मी एक उचलली तशा मडम खुर्चीवरून म्हणाल्या, "ती सावकाश धर. हात कोरडे आहेत ना?" आणि कौतुकानं स्वतःच उठून आल्या. नाद असलेल्या माणसाला दाखवायला कुणी तरी लागतंच, मग ती धूळ पुसणारी पोरगी का असेना. त्यांनी पान उलटलं. चार कोपऱ्यांत कागदाच्या चार खाचा, आणि त्यांत बसवलेली आमची नोट.

आधी मला आनंदच झाला. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसा. मग मी आकडा वाचला. सात, शून्य, चार, चार, नऊ. पुन्हा वाचला. मडम सांगत होत्या, "अशा नोटा फार थोड्या उरल्या आहेत. लोकांनी त्या परत केल्या व सरकारने जाळल्या. जे जाळले जाते त्याचे उरलेले मोलवान होते, हे चमत्कारिक आहे, नाही? परंतु पाहा, येथे मध्ये घडी आहे. घडी, टाचणीचे छिद्र, शाईचा डाग, एवढ्याने मूल्य उतरते. घडी नसती तर मी मास्तरांना साठ रुपये दिले असते. चाळीस दिले."

"कुन्या मास्तरांना?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"तुझ्याच गावचे. शमुवेल मास्तर. हंगामाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः घेऊन आले. ते प्रामाणिक मनुष्य आहेत. मी तीस म्हणाले असते तरी त्यांनी दिली असती."

दुसऱ्याच दिवशी. मी पुस्तकं पुसत राहिले. मला चाळीस रुपयांचं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू, तेवढे रुपये डोळ्यांपुढं यायलाच मला वेळ लागला. माझ्या डोळ्यांपुढं हिरवी सायकल आली. घंटी वाजवणारी मी आले. आणि टेबलाखालचा हात आला, तो तर असा आला की मी फडकं खाली ठेवून बोटं चोळली. त्यानं आईची नोट राखली नव्हती, माझं तोंड दाबलं होतं. सरकारची भीती त्यानं घातली, देवाचा रस्ता त्यानं दाखवला, आणि देवाच्या दारात उभा राहून अडीच रुपयांत टाळ्यांसकट नोट उचलली. मामा चोर असता तर मला इतकं लागलं नसतं. चोरानं निदान आपल्याला रडवून वर आपल्याकडून आशीर्वाद घेतला नसता. आज नातू मोबाईलवर मला दाखवतो, आजी, तुझी ती नोट बघ आता केवढ्याला जाते, आणि आकडा वाचून घरातले सगळे हळहळतात. मी हळहळत नाही. माझा हिशोब रुपयांचा कधीच नव्हता.

नाताळापर्यंत मी ते पोटात ठेवलं. पत्रात लिहिता येत नव्हतं, कारण आईला पत्रं मामाच वाचून दाखवायचा. सुट्टीत घरी गेले तेव्हा आई करंज्या तळत होती. कढईतून तेलाचा आवाज येत होता आणि घरभर खसखशीचा वास. मी पाटावर बसून तिला सगळं सांगितलं. वही, आकडा, घडी, चाळीस रुपये, सणाचा दुसरा दिवस, सायकल. टेबलाखालचा हातसुद्धा सांगितला. एक करंजी जळून काळी झाली तरी आईनं झारा हलवला नाही. तेवढ्यात बाहेर घंटी वाजली आणि मामा सायकल भिंतीला टेकवून आत आला.

आई उठली. म्हणाली, "शामू, तात्याची नोट कुटं हाय?"

मामानं माझ्याकडं पाहिलं. फक्त एकदा. मग म्हणाला, "माझ्या पेटीत. का गं आक्का?"

"न्हाई, ही पोरगी म्हनती, मडमेकडं हाय."

"मडमेकडं दुसरी आसंल. एकच नोट छापलीया व्हय सरकारनं?"

"आकडा तोच हाय!" मी ओरडले. "तूच शिकिवलास मला! पेटी उघड, दाखव आमाला!"

आईचा हात माझ्या गालावर बसला. तेलकट, पिठाचा हात. तिनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. "बोर्डिंगात हेच शिकीवत्यात व्हय? मामाला चोर म्हनतीस? ज्यानं भर सभंत आपली लाज राकली? माफी माग. आत्ता माग."

मी आईकडं बघत राहिले. पेटी शाळेच्या खोलीत होती, पन्नास पावलांवर. आई म्हणाली असती, चल दाखव, तर सगळं तिथंच मिटलं असतं. ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "माग."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले आठवत नाही. मामाचं उत्तर मात्र आठवतं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे आक्का, पोर हाय. माझ्या मनात काय न्हाई." मग पाटावर बसून त्यानं गरम करंज्या खाल्ल्या. मला वाटतं सहा. त्यानं मला क्षमा केली होती, आणि ती क्षमा आळीभर झाली. बायका मला म्हणायच्या, मामाचं मन किती मोठं, बघ. त्या नाताळात गाण्यांच्या वेळी पेटी वाजवायला तोच होता आणि मी मागच्या भिंतीशी उभी राहून तोंड नुसतं हलवत होते.

सुट्टी संपली. मामा म्हणाला, मी पोरीला सायकलवर पारनेरला मोटारीपर्यंत सोडतो. आई म्हणाली, "नगं. मी जाती." दोन कोस ती माझी ट्रंक डोक्यावर घेऊन चालली. मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही. वाटेत ज्वारीची ताटं कमरेएवढी झाली होती. एका ठिकाणी ती थांबली, ट्रंक उतरवून दम घेतला, आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, "आई गेली, बाप गेला. म्हायेर म्हनायला तेवढं एकच दार ऱ्हायलंय मला." मी म्हणाले नाही की मग मी कोण. मला ते सुचलं ते मोटारीत, आणि नंतर सगळा जन्म.

पारनेरला नगरला जाणारी सर्व्हिसची मोटार लागलेली होती. ड्रायव्हर हँडल फिरवत होता. मी खिडकीशी बसले. आई खाली उभी. करंज्यांचं फडकं तिनं माझ्या मांडीवर दिलं, पदर सारखा केला, इकडंतिकडं पाहिलं, आणि खिडकीच्या गजाला धरून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "रिबे, मडमेनं तिला नीट ठिवलीया ना?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग कळलं, नोटेचं विचारते आहे. म्हणजे मी सांगितलेला शब्द न् शब्द तिनं त्याच क्षणी खरा मानला होता. करंजी जळत होती तेव्हाच. तरीही हात माझ्यावर उचलला, आणि माफी मलाच मागायला लावली.

"व्हय," मी म्हटलं. "काळ्या पानावर. खाचंत बसवून."

"ऊन लागत न्हाई ना?"

"न्हाई."

ती मान हलवत राहिली, बरं वाटल्यासारखी. मोटार सुरू झाली. आईनं हात वर केला. मी दोन्ही हात फडक्याखाली घट्ट धरून बसले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत काढले नाहीत.